लायसनची चौकशी पॉलिसी विकतानाच व्हायला हवी

आरटीओ कचेरीच्या कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या पीयूसीच्या व्हॅनमध्ये, नाहीतर शेजारच्या झेरॉक्सच्या टपरीत, मोटारीची थर्ड पार्टी पॉलिसी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारी, दहा मिनिटांत निघते. गाडीचा नंबर सांगायचा, जुन्या पॉलिसीचा फोटो दाखवायचा, नॉमिनीचं नाव आणि वय द्यायचं, पैसे मोबाइलवरून टाकायचे. छत्रपती संभाजीनगर असो की हिंगोली, रीत हीच. गाडी कोण चालवणार, त्याचं लायसन चालू आहे का, अलीकडे ते निलंबित झालं होतं का, हे या दहा मिनिटांत कुणी विचारत नाही. पुढे कधी गाडी डिव्हायडरवर चढली, की नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर पहिल्या भेटीत तेच विचारतो.

निलंबनाची मुदत संपून लायसन परत मिळालेला माणूस म्हणूनच नको त्या गोष्टीला भितो आणि भ्यायला हवं तिथे निर्धास्त असतो. आता आपल्याला कुणी विमा देणार नाही, दिला तरी दुप्पट पैसे घेतील, अशी त्याची समजूत असते. ही समजूत परदेशातल्या ऐकीव गोष्टींतून आलेली आहे. अमेरिकेत विम्याचा दर चालकाच्या पूर्वेतिहासावर ठरतो. दारू पिऊन गाडी चालवल्यामुळे लायसन गेलेल्याला तिथल्या अनेक राज्यांत ते परत घेताना विमा कंपनीकडून एसआर-२२ नावाचं प्रमाणपत्र राज्याच्या वाहन खात्यात दाखल करावं लागतं आणि बहुतेक ठिकाणी तीनेक वर्षं चालू ठेवावं लागतं. मधेच पॉलिसी तुटली, तर कंपनी खात्याला कळवते आणि लायसन पुन्हा जातं.

आपल्याकडे विमा गाडीचा. थर्ड पार्टीचा दर केंद्र सरकार विमा नियामकाशी सल्लामसलत करून ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात खासगी मोटारीला १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये वर्षाला, वर जीएसटी. मालकाचं लायसन कालच परत मिळालं म्हणून यात एक रुपयाही वाढवता येत नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग, ज्याला आपण सगळे 'फर्स्ट पार्टी' म्हणतो, त्याचा दर कंपनी ठरवते. पण तोही गाडीचं मॉडेल, वय, आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), झोन आणि मागचे क्लेम पाहून. (पुणे-मुंबईसारखी मोठी शहरं 'ए' झोनमध्ये मोडतात, मराठवाडा सगळा 'बी'त. एवढं एक सुख.) चालकाचा इतिहास यात सहसा कुठेच येत नाही. एखाद्या कंपनीच्या फॉर्मात तो प्रश्न असलाच, तर खरं उत्तर द्यावं. खोटं उत्तर पुढे क्लेम नाकारायला आयतं कारण होतं.

धोका आहे तो पॉलिसीच्या आतल्या पानावर, 'ड्रायव्हर्स क्लॉज' या चार ओळींत. त्यांचा अर्थ असा: गाडी कुणीही चालवावी, मात्र अपघाताच्या वेळी त्याच्याकडे परिणामकारक लायसन असलं पाहिजे आणि लायसन बाळगायला तो अपात्र ठरवलेला नसला पाहिजे. 'परिणामकारक' हा शब्द इथे उगीच आलेला नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम २३ सांगतं की, अपात्रतेचा आदेश झाला की त्या मुदतीपुरतं लायसन परिणामकारक राहत नाही. खिशात कार्ड आहे, त्यावर २०३४ पर्यंतची मुदत छापलेली आहे, डिजिलॉकरमध्येही ते दिसतंय, तरी विम्याच्या हिशेबी त्या दिवशी तुमच्याकडे लायसन नव्हतं.

शिवाय निलंबन फक्त दारुड्यांचं होतं, हाही गैरसमज आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २०६ च्या पोटकलम ४ ने यादी बरीच लांबवली: अतिवेग, धोकादायक चालवणं, दारू, शर्यत, दुचाकीवर तिघे, हेल्मेट नसणं, रुग्णवाहिकेला वाट न देणं. यातल्या कुठल्याही गुन्ह्यात पोलीस लायसन जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात, आणि कलम १९ खाली सुनावणी होऊन पहिल्या वेळी तीन महिने अपात्रता येऊ शकते. दुसऱ्या वेळी लायसनच रद्द. आदेशात सगळ्या वर्गांची वाहनं धरली असतील, तर स्कूटरवर हेल्मेट न घातल्याची शिक्षा घरच्या मोटारीलाही लागते. जालन्याच्या बाजारात स्कूटरवर पकडलेला माणूस त्याच तीन महिन्यांत कुटुंबाला घेऊन मोटारीने तुळजापूरला निघाला आणि वाटेत गाडी ठोकली गेली, तर दुरुस्तीचे लाख-दीड लाख त्याच्याच खिशातून जाणार. हेल्मेटचा आणि या बिलाचा संबंध त्याच्या ध्यानातही आलेला नसतो.

पावतीचीही एक खोच आहे. इतर काही कारणांनी पोलिसांनी लायसन ठेवून घेतलं, तर मिळालेल्या पावतीवर काही काळ गाडी चालवता येते. पोटकलम ४ खाली जप्त केलेल्या लायसनची पावती तसा अधिकार देत नाही. लायसन हातात परत येईपर्यंत गाडी चालवायची नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. चौकात मिळणारा कागद मात्र दोन्ही वेळी सारखाच वाटतो. पावतीवर कलम कोणतं लिहिलंय, ते वाचून घ्यावं.

मुदत संपली की काय करायचं? तीन महिने मोजून झाले की लायसन आपोआप जिवंत होतं, असं बहुतेकांना वाटतं. कलम १९ मध्ये २०१९ साली घातलेल्या तरतुदीप्रमाणे ते परत मिळण्याआधी मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमधून उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. म्हणजे कागद चार झाले: निलंबनाचा आदेश, लायसन जमा केल्याची पोच, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि लायसन परत दिल्याची नोंद. चारही जपून ठेवावेत. त्यानंतर परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकून स्थिती पाहावी. तिथे 'ॲक्टिव्ह' दिसत नसेल, तर कार्ड हातात असूनही स्टिअरिंगला हात लावू नये. क्लेम आल्यावर कंपनीचा माणूस तुमचं कार्ड पाहून थांबत नाही. तो आरटीओतून लायसनचा एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे नोंदींचा उतारा, काढतो, आणि कंपनी त्या एक्स्ट्रॅक्टवरच विश्वास ठेवते. कार्यालयाने नोंद बदलायला उशीर केला असेल, तर तो उशीर तुमच्या नावावर जमा होतो. स्थिती 'ॲक्टिव्ह' झाली त्या दिवशीच पानाची तारखेसह प्रिंट काढून पॉलिसीला टाचून ठेवावी. दहा रुपयांचं काम आहे.

त्याच पानावर आणखी एक तारीख बघायची, लायसनची मूळ मुदत. निलंबनाने मुदत पुढे सरकत नाही. पन्नाशी-पंचावन्नीतल्या लोकांच्या बाबतीत असं घडू शकतं की निलंबनाच्या तीन महिन्यांतच लायसनची मुदतही संपलेली असते. निलंबन उठलं, आनंदात गाडी काढली, आणि लायसन दुसऱ्याच कारणाने मेलेलं निघालं. नूतनीकरणाची पूर्वीची तीस दिवसांची सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली. मुदत संपून वर्ष उलटलं, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

आता पॉलिसीकडे येऊ. 'गाडी उभीच आहे, लायसन आल्यावर विमा उतरवू' हा निलंबनाच्या काळातला सगळ्यात महागडा विचार. पॉलिसी संपल्यानंतर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही, तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बुडतो. हा बोनस पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ असा चढत पाचव्या वर्षी ५० टक्क्यांवर पोचतो. निलंबन तीन महिन्यांचं, म्हणजे बहुधा ९१ किंवा ९२ दिवसांचं. निलंबनाच्या सुरुवातीलाच पॉलिसी संपली आणि माणूस लायसनची वाट पाहत बसला, तर पाच वर्षांत जमवलेला बोनस एक-दोन दिवसांनी हुकतो. फर्स्ट पार्टीच्या भागाचा हप्ता दहा हजार असेल, तर पाच हजारांचा फटका. शिवाय खंड पडलेल्या पॉलिसीला फर्स्ट पार्टी देण्याआधी कंपनी गाडीची तपासणी मागते, जुने ओरखडे-डेंट नोंदवून ते वगळते. रस्त्यावर उभ्या गाडीलाही विमा लागतोच. नसेल तर कलम १९६ खाली पहिल्या वेळी दोन हजार दंड. तेव्हा लायसन नसलं तरी पॉलिसी वेळेवर उतरवावी. घरातल्या लायसन असलेल्या कुणालाही ती गाडी चालवता येते आणि त्याला विम्याचं पूर्ण संरक्षण असतं.

लायसनचा प्रश्न विकताना येतो तो फक्त एका चौकटीत, आणि तिथेच घोळ होतो. मालक-चालकासाठी १५ लाखांचं सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं. मालकाकडे परिणामकारक लायसन असणं ही त्याची अट. ऑनलाइन फॉर्मात 'माझ्याकडे वैध लायसन नाही' अशी खूण केली की हे संरक्षण वगळलं जातं आणि हप्ता काहीशे रुपयांनी उतरतो. निलंबनाच्या काळात ही खूण बरोबरच आहे. मात्र लायसन परत आल्यावर स्वतंत्र अपघात पॉलिसी घ्यायची असते, आणि ती घ्यायचं राहून जातं. त्याहून वाईट म्हणजे, स्वस्त किंमत दाखवण्यासाठी टपरीवरचा एजंट लायसन असलेल्या माणसाच्या नावानेही ही खूण करून मोकळा होतो. पॉलिसीच्या पहिल्या पानावर 'पीए ओनर-ड्रायव्हर'समोर शून्य आहे का, ते घरी जाऊन पाहावं.

आता कंपन्यांकडून होणाऱ्या अतिरेकाबद्दल. ड्रायव्हर्स क्लॉज गाडी कुणीतरी चालवत असतानाच लागू होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पूर आला. अशा पुरात अंगणात उभी असलेली गाडी पाण्यात गेली, तर मालकाचं लायसन निलंबित होतं की नव्हतं याचा क्लेमशी काय संबंध? चोरीचंही तेच. २००३ साली जितेंद्र कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढचं सांगितलं: यांत्रिक बिघाडाने गाडीला आग लागली असेल आणि त्यात चालकाचा हात नसेल, तर चालकाकडे वैध लायसन नव्हतं एवढ्या कारणाने कंपनीला हात वर करता येत नाहीत. तरीही क्लेम फॉर्मात लायसनचा रकाना रिकामा दिसला की फाइल अडते. (पुरातून निघालेली गाडी चालू करून बघू नका, टो करून न्या. पाणी गेलेल्या इंजिनाला किल्ली फिरवली की जे बिघडतं, ते साध्या पॉलिसीत मिळत नाही. तिथे लायसन काय कामाचं.)

आणि समोरचा माणूस? निलंबित चालकाच्या गाडीखाली एखादा ऊसतोड मजूर आला, तर त्याच्या कुटुंबाने काय करायचं? स्वरण सिंग खटल्याच्या २००४ च्या निकालापासून वाट ठरलेली आहे: कंपनीने आधी पीडिताला भरपाई द्यावी, मग ती मालकाकडून वसूल करावी. पीडितासाठी हे न्याय्य आहे. मालकासाठी मात्र ही वसुली म्हणजे आठ-दहा वर्षांनी येणारी जप्ती. पगारी ड्रायव्हर ठेवणाऱ्यांनी याचा जास्त विचार करावा. नोकरीला ठेवताना लायसन पाहिलं होतं, हा बचाव न्यायालयं ऐकतात. पण निलंबन झाल्याचं माहीत असून किल्ली दिली, तर विमाही जातो आणि कलम १८० चा पाच हजारांचा दंडही बसतो. चालकाला कलम १८२ खाली दहा हजारांचा दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

इतका सगळा भार ज्या एका नोंदीवर आहे, ती नोंद विमा विकणाऱ्याला दिसतच नाही. गाडीचा विमा कधी संपतो हे 'वाहन' पोर्टलवर कुणालाही पाहता येतं, म्हणजे कंपन्यांची माहिती सरकारकडे जाते. लायसन निलंबित असल्याची माहिती मात्र 'सारथी'तून कंपनीकडे हप्ता घेताना येत नाही. क्लेमच्या वेळी ती माणूस पाठवून शोधली जाते. हप्ता घेताना न बघायचं आणि पैसे देताना बारकाईने बघायचं, हा व्यवहार गावच्या सावकारालाही लाजवणारा आहे.

यावर एक उपाय विमा नियामकाच्या कार्यगटाने २०२१ च्या जानेवारीत सुचवला होता: वाहतूक नियमभंगाला गुण द्यायचे, दारू पिऊन चालवण्याला १००, चुकीच्या पार्किंगला १०, आणि त्या गुणांप्रमाणे विम्यावर जादा हप्ता. दिल्लीत तो आधी करून बघायचा होता. कल्पना ऐकायला बरी आहे, पण मला ती पटत नाही. आपल्याकडे ई-चलन गाडीच्या नंबरावर फाटतं. बीड बायपासवरच्या कॅमेऱ्याला गाडी भाचा चालवत होता की मामा, हे कळत नाही. नंबर प्लेटचा एक आकडा चुकीचा वाचला गेला, तर परभणीतल्या गाडीला कधीही न पाहिलेल्या शहराचं चलन येतं, आणि ते रद्द करून घ्यायला माणसाचे दोन दिवस जातात. अशा चलनांवर विम्याचा दर बांधला, तर चुकीच्या माणसाकडून वर्षानुवर्षं वसुली होईल. दहा गुणांच्या पार्किंगचा आणि अपघाताच्या जोखमीचा संबंध जोडणंही जरा ताणलेलंच आहे.

निलंबनाचा आदेश याहून वेगळा आहे. त्यात माणसाचं नाव असतं, नोटीस दिलेली असते, बाजू मांडायची संधी असते, कारणं लेखी असतात आणि वर अपील करता येतं. जोखीम मोजायचीच असेल, तर ती या कागदावर मोजावी. लायसन परत मिळालेल्या माणसाने गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर थोडा जादा हप्ता भरावा. थर्ड पार्टीला मात्र हात लावू नये. ती महाग झाली, तर लोक विनाविमा गाड्या पळवतील आणि त्याची किंमत रस्त्यावरून चालणारा मोजेल. जादा हप्त्याची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त नसावी. कलम २५ नुसार, लायसनवर पडलेल्या गुन्ह्याच्या शेवटच्या शेऱ्यानंतर सलग तीन वर्षं नवा शेरा पडला नाही, तर माणसाला शेरा नसलेलं कोरं लायसन मागता येतं. कायदा जिथे विसरतो, तिथे विमा कंपनीनेही विसरावं.

एका गाडीचे घरात तीन चालक असतात, मग कुणाचं लायसन धरायचं, असा आक्षेप येईल. नियमित चालवणाऱ्यांची नावं घ्यावीत, बाकीच्यांसाठी आजचा क्लॉज आहेच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: काळी-पिवळी चालवणाऱ्याचं, ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरचं लायसन तीन महिने गेलं की चूल बंद पडते, त्यात त्याच्यामुळे मालकाचा हप्ता वाढणार म्हटल्यावर त्याला पुन्हा कामावर कोण घेईल? हे खरं आहे. म्हणून हा जादा हप्ता खासगी गाड्यांपुरता ठेवावा. व्यावसायिक वाहनांत चालकाची स्थिती सारथीवर तपासण्याची जबाबदारी मालकावर टाकावी आणि ती तपासल्याची नोंद पॉलिसीच्या फाइलीत राहू द्यावी.

तोवर ज्यांचा क्लेम लायसनच्या कारणाने नाकारला गेला आहे, त्यांनी नकार लेखी मागावा. त्यात दोन तारखा शोधाव्यात: आदेशाप्रमाणे अपात्रता कधी संपली आणि अपघात कधी झाला. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. मराठवाड्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे, तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

नियामकाला करायचं काम फार मोठं नाही. प्रस्तावाच्या फॉर्मात, मराठीत आणि ठळक अक्षरांत, दोन प्रश्न वाढवायचे: 'ही गाडी नेहमी कोण चालवतं, त्याचा लायसन नंबर काय?' आणि 'गेल्या तीन वर्षांत ते लायसन निलंबित झालं होतं का, झालं असल्यास परत कधी मिळालं?' नंबर टाकताच सारथीवरची स्थिती विकणाऱ्याच्या पडद्यावर यावी, पॉलिसीवर छापली जावी. एवढं करून ज्या कंपनीने हप्ता घेतला, तिला नंतर त्याच माणसाच्या जुन्या निलंबनाचं कारण पुढे करून क्लेम अडवता येऊ नये.